भिंतीचा करदोडा

मी लग्न होऊन आष्टीच्या पुढच्या त्या गावात आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, सासू आणि सासरे. नवरा एटापल्लीकडे शाळेत मास्तर होता. तिकडे संसाराला खोली मिळत नव्हती. तो स्वतःच आणखी दोन मास्तरांबरोबर एका खोलीत राहायचा आणि आळीपाळीने भात शिजवायचा. ‘‘खोली भेटली का नेतो तुले,’’ म्हणाला आणि पंधरा दिवसांनी एकदा येत राहिला. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी वीस वर्षांची होते.

माझं माहेर चंद्रपूरचं. वडील कोळशाच्या खाणीत, राहायला क्वार्टर. क्वार्टर म्हणजे दोनच खोल्या, पण भिंती विटांच्या, चुना मारलेल्या, आणि समोरासमोर दोन खिडक्या. सासरच्या घराला खिडकीच नव्हती. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि एकामागे एक तीन खोल्या: समोर बैठक, मधे धानाच्या कोठ्यांची खोली, मागे चूल. समोरचं दार उघडं असलं की बैठकीत उजेड, मागचं उघडं असलं की चुलीपाशी. मधली खोली भर दुपारीही काळोखी. बैठकीत एक बल्ब होता, तो त्याच्या मर्जीने पेटायचा. पहिले आठ दिवस मी सारखी कशाला ना कशाला अडखळत होते. सासरे मात्र त्या अंधारातून इतके सरळ चालत जायचे की मला त्यांचं नवल वाटायचं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई. मामाजी सरकारी लाकूड डेपोत मोजणीदार होते. सागाच्या लठ्ठ्याची लांबी-गोलाई टेपने घ्यायची आणि टोकावर आकडा घालायचा, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. गावातले लोक सांगायचे, टेप लावायच्या आधीच ते तोंडाने माप सांगून मोकळे व्हायचे. रिटायर झाल्यावरही कुणी दारासाठी फळ्या आणल्या की आधी त्यांना दाखवायला घेऊन येत. रविवारी विहारात ग्रंथ वाचायला तेच बसत. उंच, सडसडीत माणूस, बोलणं कमी. आत्याबाई त्यांच्या खांद्याएवढ्या, आणि दोघांच्या वाट्याचं एकट्याच बोलायच्या.

धानाची चुरणी झाली, कोठ्या भरल्या, थंडी पडली. हाताला काम कमी झालं तशी मला घर नीटनेटकं करायची हौस आली. मी आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘कर. पन पैसा मांगू नको. पैसा धानात आहे अन् धान कोठीत आहे.’’

पैसा न लागणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे नाल्याच्या काठची पांढरी माती. ती मी टोपल्याने आणली, भिजत घातली, गाळली आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने भिंतींना फासायला घेतली. बैठकीतली बाज सरकवली, मधल्या खोलीतल्या उतरंडी हलवल्या, तेव्हा मला ती रेघ दिसली. कमरेच्या बरीच वर, चार बोटं रुंद, तेलकट करड्या रंगाची. मामाजींच्या बाजेपासून निघून दारापर्यंत आलेली, दारापलीकडे मधल्या खोलीत शिरलेली, तिथून चुलीच्या खोलीत आणि मागच्या दारापर्यंत. मला वाटलं, धानाची पोती नेताना घासून झालं असेल. मी त्यावर मातीचे दोन हात दिले. भिंत दुधासारखी पांढरी झाली. आत्याबाईंनी दारात उभं राहून पाहिलं आणि ‘‘बरी दिसते’’ एवढंच म्हणाल्या, पण संध्याकाळी शेजारणीला आत बोलावून त्यांनीच ती दाखवली.

आठ दिवसांत रेघ परत उमटली. आधी फिकी, मग ठळक. मला आत्याबाईंचा राग आला. चुलीपाशी काम करून तेलाचे हात भिंतीला पुसतात, असं मी मनात धरलं. मग एकदा त्या भिंतीशी उभ्या असताना पाहिलं, तर रेघ त्यांच्या छातीशी येत होती. एवढा वर हात उचलून कुणी भिंतीला पुसत नाही. माझ्याही हाताला ती उंच पडत होती.

मग एक दिवस दुपारी आत्याबाई शेतावर तुरीच्या शेंगा तोडायला गेल्या होत्या आणि मी मधल्या खोलीत, मागच्या दाराकडून येणाऱ्या उजेडात सुपात तांदूळ निवडत बसले होते. पाय लांब केलेले. मामाजी बैठकीतून आले. डाव्या हाताचा तळवा भिंतीला लावलेला, ओठ हलत होते. ‘‘पाच, सहा, सात,’’ असं ते मोजत होते. मला वाटलं, ते बघतील आणि बाजूने जातील. त्यांचा पाय थेट सुपात पडला. सूप उडालं, तांदूळ सगळीकडे सांडले.

‘‘कोन आहे?’’ ते म्हणाले.

‘‘मीच आहे, मामाजी.’’

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तांदूळ गोळा करू लागले. जिथे तांदूळ होते तिथलेही आणि जिथे नव्हते तिथलेही. रिकाम्या जमिनीवर त्यांचे तळवे पुन्हा पुन्हा फिरत होते. मी त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात धरायची मला सवय नव्हती, त्यांनाही नव्हती, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

‘‘कधीपासून, मामाजी?’’

‘‘मोहफुलाच्या दिवसापासून. आधी वाटलं धुकं पडून राह्यलं. मग समजलं, उन्हाळ्यात कायचं धुकं.’’

‘‘डॉक्टरले दाखवलं का?’’

‘‘चंद्रपूरले जाऊन आलो. घरी पेन्शनचं काम सांगतलं. मोतीबिंदू आहे म्हनते. पन पिकला नाई अजून. पिकला का काढू म्हनते.’’ आणि वर म्हणाले, ‘‘फणस आहे का तो, पिकाची वाट पाहाले?’’

‘‘अन् विहारात ग्रंथ वाचता ते?’’

‘‘तोंडपाठ आहे. पान उलटाचं तेवढं ध्यान ठेवा लागते.’’

मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे वळून म्हणाले, ‘‘तिले सांगू नको. ती रडनार नाई. मले बाजेवर बसवन अन् ताट हातात आनून देईन. तसं बसून खानं मले जमत नाई, बाई.’’

मी शब्द दिला. पण डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी आत्याबाई विहिरीवर असताना मी त्यांना विचारलं, काय दिसतं आणि काय नाही. त्यांनी मोजणीदारासारखंच नीट सांगितलं. पांढऱ्यावर काळं असलं तर कळतं. काळ्यावर पांढरं असलं तरी कळतं. मातीच्या रंगावर मातीच्या रंगाचं काही असलं तर काहीच नाही. आणि आमच्या घरात तर सगळंच मातीच्या रंगाचं होतं. जमीन, भिंती, चौकटी, उंबरठे, ओट्याच्या पायऱ्या.

त्या दिवसापासून घर सजवायची माझी हौस एकदम वाढली. निदान आत्याबाईंना तसंच दिसत होतं.

आधी चौकटी. आष्टीच्या रस्त्यावर डांबराचं काम चाललं होतं. तिथल्या मुकादमाला विचारून मी फेकायला काढलेल्या ड्रमच्या तळाचं वाळलेलं डांबर खरवडून आणलं. अंगणात तीन दगडांवर जुन्या डब्यात ते वितळवलं आणि नारळाच्या शेंडीच्या कुंच्याने चारही दारांच्या चौकटी काळ्याभोर केल्या. गावभर वास सुटला. आत्याबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, ‘‘घरातून सडक नेऊन राह्यली का?’’

‘‘वाळवी लागली होती, आत्याबाई.’’ हे खोटंही नव्हतं.

मग उंबरठ्यांना आणि ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांना चुना. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत मी दोन्ही बाजूंनी नाल्यातले गोटे मांडले आणि त्यांनाही चुना फासला. गुरुवारच्या बाजारात मुलचेऱ्याकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतली एक बंगाली बाई मासोळ्या घेऊन यायची. तिच्या टोपलीखाली तिने हाताने विणलेलं तागाचं जाड पायपुसणं असायचं. मी तिला चार पायपुसणी मागितली. तिने बदल्यात माझं एक लग्नातलं, मला न आवडणारं नायलॉनचं पातळ घेतलं आणि वर दोन मासोळ्या दिल्या. प्रत्येक दाराअलीकडे एक पायपुसणं टाकलं. तळपायाला खरखरीत लागलं की दार आलं, हे मामाजींना न सांगता कळलं. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी पावलं मोजणं सोडलं.

राहिली भिंत. ती रेघ परत परत उमटणार आणि आज ना उद्या आत्याबाईंच्या लक्षात येणार, याची मला धास्ती होती. शेवटी मी बुरडाकडे गेले आणि बांबूच्या लांब, गुळगुळीत तासलेल्या पट्ट्या करून घेतल्या. मजुरी म्हणून पायलीभर धान दिलं. मामाजींना भिंतीशी उभं केलं, त्यांचा तळवा जिथे टेकला तिथे कोळशाची खूण केली आणि त्या उंचीवर लाकडी खुंट्या ठोकून पट्टी बसवली. बैठकीपासून मागच्या दारापर्यंत, मधे फक्त दारांची जागा सोडून.

आत्याबाई शेतातून आल्या, डोक्यावरचा भारा न उतरवताच बघत राहिल्या. ‘‘भिंतीले करदोडा काऊन बांधून राह्यली?’’

‘‘फोटो अडकवाले. खिळे ठोकले का माती पडते.’’

म्हणून मग मला त्यावर काहीतरी अडकवणं भाग पडलं. मी आमच्या लग्नाचा फोटो आणि एक कॅलेंडर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींच्या हाताचा धक्का लागून फोटो खाली पडला आणि काच फुटली. मी फोटो वर खुंटीला टांगला. कॅलेंडरही काढलं. पट्टी मोकळी राहिली. त्यानंतर आत्याबाई दर दोन दिवसांनी विचारायच्या, ‘‘मंग, कधी अडकवनार फोटो?’’ आणि मी म्हणायचे, ‘‘पायते ना.’’

गंमत अशी झाली की लोक घर बघायला येऊ लागले. काळ्या चौकटी, पांढऱ्या कडा, भिंतीला बांबूची पट्टी. शेजारच्या काकूने विचारलं, ‘‘चंद्रपूरची फॅशन आहे का व हे?’’ मी हो म्हटलं. होळीपर्यंत आमच्या ओळीतल्या तीन घरांच्या भिंतींना पट्ट्या लागल्या होत्या. बुरड मला रस्त्यात दिसला की हसायचा. त्यातल्या एका घरी मामाजी बसायला गेले होते तेव्हा त्यांनी सवयीने पट्टीला हात लावला, आणि पट्टी हातभर खाली असल्याने जरा वाकून चालले. घरी येऊन मला हळूच म्हणाले, ‘‘त्याईची फॅशन बुटकी आहे.’’

मला आता आणखी काहीतरी करावंसं वाटत होतं. मधल्या खोलीत मातीचा मोठा रांजण होता, दाराच्या अगदी उजव्या अंगाला. तो तिथे ओबडधोबड दिसायचा. मी तो कोपऱ्यात सरकवला, खाली वीट ठेवली, वर झाकण घातलं. तासाभराने पाहिलं तर तो परत दाराशी. मी पुन्हा कोपऱ्यात नेला. पुन्हा दाराशी. पाण्याचा रांजण आपोआप चालत नाही. तिसऱ्यांदा मी तो ढकलत होते तेव्हा आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘‘हालवू नको तो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याईच्या हाताले ती जागा ठाऊक आहे.’’

मी तशीच वाकून राहिले. उठायचं सुचेना.

‘‘तुमाले माहीत आहे?’’

‘‘माहीत न व्हाले का झालं? मासोळीचे काटे काढून वाढते मी त्याईले, पावसाळ्यापासून. ते म्हनते, यंदा मासोळीले काटे कमी आहे. मी म्हनते, हो जी, कमीच आहे.’’ त्या रांजणाला टेकून खाली बसल्या. ‘‘डेपोत साहेब लोक त्याईले विचारत होते. आता त्याईनं मले विचारावं, पुढं काय आहे म्हनून? मले नाई आवडत ते. म्हनून मी काई पायलंच नाई.’’

‘‘मंग मी हे सारं करून राह्यली तवा...’’

‘‘मले वाटलं पोरीले हौस आहे. मंग तू वट्याच्या पायऱ्या रंगवल्या तवा समजलं. हौसेनं कोनी पायऱ्याच्या कडाच रंगवत नाई.’’ मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘त्याईले सांगू नको मले माहीत आहे म्हनून.’’

अशी मी मधे सापडले. दोघांनी एकमेकांपासून लपवलेलं एकच गुपित माझ्याजवळ, आणि दोघांनाही शब्द दिलेला. जेवायला बसलो की मामाजी मासोळीची तारीफ करायचे, आत्याबाई हो जी, हो जी म्हणायच्या, आणि मी मान वर करायचे नाही. एरवी दिवसभर बोलणाऱ्या त्या बाईने ही एकच गोष्ट इतके महिने पोटात ठेवली होती. नवरा सुटीला आला की मला विचारायचा, ‘‘करमते का इथी?’’ मला काय सांगावं कळायचं नाही. खरं तर करमत होतं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मामाजी पुन्हा चंद्रपूरला जाऊन आले. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, पिकला, महिनाअखेरीस ऑपरेशन करू. नवऱ्याला मी पत्र लिहून सगळं कळवलं आणि रजा काढून बोलावलं. निघायच्या दिवशी मामाजी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर आले आणि आत्याबाईंना म्हणाले, ‘‘पेन्शनचं काम निघालं. पोराले घेऊन जातो संग. आठ दिवस लागन.’’

आत्याबाई आतून पिशवी घेऊन आल्या. ‘‘दोन धोतरं टाकले आहे. डोळ्याले पट्टी बांधतीन, तवा पुसाले जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे टाकले, उकळून वाळवून. अन् मान हालवू नका तिथी. पेन्शनच्या कामात मान हालवाची नसते म्हनते.’’

नवरा माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे. मामाजींनी पिशवी घेतली. ती चाचपत म्हणाले, ‘‘कधी समजलं तुले?’’

‘‘तुमाले समजलं तवाच.’’

‘‘मंग बोलली काऊन नाई?’’

‘‘तुमी बोलले का?’’

मामाजी पायऱ्या उतरले, थांबले, वळले आणि म्हणाले, ‘‘तू बी चाल संग.’’ आत्याबाईंनी हातपाय धुतले, दुसरं लुगडं नेसल्या आणि पाच मिनिटांत निघाल्या. एवढ्या लवकर त्या कधी कुठे निघाल्याचं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी घर सांभाळायला एकटी मागे राहिले.

दहाव्या दिवशी ते परतले. डोळ्यावर हिरवं झापड होतं. महिन्याने ते निघालं आणि बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा आला. तो चष्मा लावून मामाजी पहिल्यांदा घरभर फिरले. चौकटींवरून ओघळून वाळलेलं डांबर त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. बैठकीतली पट्टी एका टोकाकडून एक डोळा मिटून न्याहाळली आणि म्हणाले, ‘‘दाराकडं दोन बोटं उतरली आहे.’’ मला एवढा आनंद झाला की मी रांधायच्या खोलीत जाऊन थोडं रडून घेतलं.

मग ते मधल्या खोलीत गेले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले. ‘‘येवढा काळोख होता इथी?’’ त्यांनी आत्याबाईंना विचारलं. त्या घरात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, पण तो अंधार त्यांनी कधी पाहिलाच नसावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ आणि सब्बल, म्हणजे पहार, काढली. पश्चिमेकडच्या भिंतीत खिडकी पाडायची म्हणाले. गोठ्यात मोडकी बैलबंडी पडली होती, तिच्या लाकडांची चौकट सुताराकडून करून घ्यायची आणि गजांऐवजी बांबू. चौकटीचं माप त्यांनी सुताराला टेप न लावता तोंडी सांगितलं. तीन दिवस मी आणि मामाजींनी मिळून भिंत पोखरली. माती इतकी पक्की होती की सब्बल वाजायची. चौकट आली तर भोकात चांगली वीतभर ढिली बसली. जाड भिंगातून सगळं मोठं दिसतं म्हणून त्यांनी मनातल्या मनात माप कमी केलं होतं, ते जरा जास्तच कमी झालं होतं. मामाजींनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा भोकाकडे, आणि ते हसायला लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘डेपोतले लठ्ठे असेच मोजले का?’’ चारही बाजूंनी माती-गवताचा गारा भरून आम्ही ती चौकट पक्की केली. संध्याकाळी त्या खिडकीतून ऊन आलं ते थेट कोठ्यांवर पडलं आणि तिथे किती कोळिष्टकं आहेत ते आम्हाला कळलं. पुढचे दोन दिवस ती झाडण्यात गेले.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर नवऱ्याला एटापल्लीत खोली मिळाली. त्याने आधी जाऊन ती ताब्यात घेतली आणि मला कळवलं. मी ट्रंक भरली. मला बसवून द्यायला दोघंही सडकेवर आले. मामाजींनी ट्रंक उचलायचा हट्ट धरला, आत्याबाईंनी एका बाजूने कडी धरली. आम्ही सडकेवर उभे होतो तर आष्टीच्या बाजूने, बरीच लांबून, लाल बस येताना दिसली. मी ट्रंकेला हात घातला.

‘‘राहू दे,’’ मामाजी म्हणाले. ‘‘अहेरी लिवलं आहे.’’

मला अजून पाटीही दिसत नव्हती. बस आली, अहेरीचीच होती, निघून गेली. अर्ध्या तासाने दुसरी दिसली. मामाजींनी चष्मा नाकावर सारला आणि वळणापासूनच सुरू केलं, ‘‘ए, टा, पल्ली.’’

‘‘जरा मोठ्यानं वाचा,’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘ड्रायव्हरले बी समजू द्या कुठी चालला तो.’’

मामाजींनी खरंच मोठ्याने वाचलं. बस थांबली, कंडक्टरने ट्रंक वर चढवली आणि मी मागच्या खिडकीपाशी जागा धरली.